दार उघडणारी माणसं

मेम्फिसला राहायला आल्यापासून आमचे कितीतरी शनिवार-रविवार मिसिसिपी, आर्कान्सा, लुइझियाना आणि पार व्हर्जिनियाच्या डोंगरांतल्या लहान लहान गावांत गेले. कारण एकच, तिथलं गाणं-वाजवणं. ब्लूज, केजन, झायडेको, डोंगरातलं फिडल-बँजोचं जुनं संगीत. मी मिरजेची. सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानांवरून रोज शाळेत गेले आणि उरुसात दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारं गाणं जागून ऐकलं. त्यामुळे मोठं संगीत लहान गावात नांदतं, याचं मला नवल नव्हतं. ते कशाच्या बळावर टिकतं, हे मात्र मी इथल्या गावांत फिरताना शिकले. इकडे येणारी ओळखीची माणसं फोन करून विचारतात, काय ऐकू, कुठे जाऊ. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

१. कलाकाराच्या आधी जागा कोणाची ते विचारा

गाणारा गावोगाव फिरतो, जागा फिरत नाही. मिसिसिपीतल्या बेंटोनियाची वस्ती पाचशेच्या आत. तिथे रेल्वेच्या रुळांजवळ ब्लू फ्रंट कॅफे नावाची एक बसकी इमारत आहे. केरी आणि मेरी होम्स या कृष्णवर्णीय जोडप्याने १९४८ साली तो कॅफे उघडला. कापसाच्या हंगामात राबून आलेल्या माणसांना तळलेला मासा, चोरून गाळलेली दारू आणि कुणाच्या तरी हातातली गिटार, एवढं तिथे मिळायचं. १९७० पासून त्यांचा मुलगा जिमी ‘डक’ होम्स तो चालवू लागला. मिसिसिपीतल्या आज चालू असलेल्या ज्यूक जॉइंटमध्ये, म्हणजे अशा खाण्या-पिण्या-गाण्याच्या अड्ड्यांमध्ये, हा सर्वांत जुना मानतात.

या गावाची गिटार जुळवण्याची रीतच निराळी आहे. तारा अशा लावतात की बोट न दाबता नुसता हात फिरवला तरी कोमल गंधार ऐकू यावा. त्यामुळे बेंटोनियाचे ब्लूज शेजारच्या डेल्टातल्या ब्लूजपेक्षा एकटे, काळोखे वाटतात. स्किप जेम्सने १९३१ साली या पद्धतीची गाणी ध्वनिमुद्रित केली. त्याच्या आधीपासून ती वाजवणारे हेन्री स्टकी आणि नंतरचे जॅक ओवेन्स हे ब्लू फ्रंटमध्ये येऊन बसत. जिमी होम्स त्यांच्याकडूनच शिकले. स्वरलेखन नाही, पुस्तक नाही, म्हाताऱ्या बोटांकडे बघत राहायचं आणि घरी जाऊन करून बघायचं. होम्स यांच्या २०१९च्या ‘सायप्रस ग्रोव्ह’ या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. लोक त्या नामांकनाबद्दल विचारतात. मी त्यांना आधी कॅफेबद्दल सांगते. स्टकी आणि ओवेन्स यांना संध्याकाळी येऊन बसायला ती खोली नसती, तर त्या पोराने कुणाच्या बोटांकडे बघितलं असतं?

क्लार्क्सडेलमध्ये रेड पेडन यांचं रेड्स लाउंज तसंच. लाल दिवे, बुटकं छत आणि स्टेजच नाही. गिटारवाल्याचा बूट आणि तुमचा बूट एकाच जमिनीवर. रेड स्वतः वाजवत नसत. कुणाला बोलवायचं, किती वाजता सुरू करायचं, दंगा करणाऱ्याला कधी बाहेर काढायचं, हे सगळं तेच बघत. त्या भागातल्या किती वादकांच्या शुक्रवार-शनिवारच्या कमाईला त्यांचा हात लागला असेल! २०२३च्या डिसेंबरात ते गेले. रेड्स पुढे चालू राहिलं. प्रत्येक जागेच्या नशिबात हे नसतं. मेरिगोल्डजवळ शेतांच्या मधोमध ‘पो मंकीज’ होतं. दिवसा शेतावर काम करणारे विली सीबेरी गुरुवारी रात्री आपल्या राहत्या झोपडीचंच दार लोकांना उघडून देत. २०१६ साली ते वारले आणि पो मंकीज त्यांच्याबरोबरच संपलं. चुलाहोमात ज्युनिअर किंब्रो यांचा ज्यूक जॉइंट होता. ते १९९८ साली गेले, २००० साली ती इमारत जळाली आणि त्या जागी परत काही उभं राहिलं नाही. किंब्रोंच्या रेकॉर्डी आजही मिळतात. पण रविवारी संध्याकाळी तिथे नाचायला जमणारी आसपासची माणसं रेकॉर्डीत कुठून येणार?

२. लुइझियानात शनिवारची सकाळ मोकळी ठेवा

थेट मैफल म्हणजे रात्र, हे आपल्या डोक्यात बसलेलं असतं. लुइझियानाच्या फ्रेंच वळणाच्या केजन मुलुखात शनिवारी सकाळी आठ-नऊला सुरुवात होते. मामू गावातला फ्रेड्स लाउंज फ्रेड टेट यांनी १९४६ साली घेतला. १९६२ पासून दर शनिवारी सकाळी तिथून रेडिओवर थेट कार्यक्रम जातो. मधोमध दोरी लावून बँडला जागा करतात, सभोवार जोडपी वॉल्ट्झ आणि टू-स्टेप नाचतात. निवेदन फ्रेंचमध्ये, गाणी फ्रेंचमध्ये आणि मधेच गावातल्या दुकानांच्या जाहिराती.

तिथून थोड्या अंतरावर युनिस. तिथे मार्क सॅव्हॉय यांनी १९६६ साली वाद्यांचं दुकान काढलं. ते स्वतः अकॉर्डियन बनवतात. शनिवारी सकाळी दुकानातच वादकांचा गोल जमतो. कोणी फिडल आणतं, कोणी गिटार, कोणी नुसतं बूदँ, म्हणजे भात आणि मांस भरलेलं सॉसेज, सगळ्यांना वाटून खायला. मी लहानपणापासून पेटी वाजवत आले, त्यामुळे माझा जीव त्या अकॉर्डियनमध्ये अडकला. दोन्ही वाद्यं वाऱ्याने थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवरच बोलतात. मात्र पेटीत बोटाखालच्या एका पट्टीतून एकच स्वर येतो. केजन अकॉर्डियनला एकाच रांगेत दहा बटणं असतात आणि भाता दाबला की एक स्वर, ओढला की त्याच बटणातून दुसरा. म्हणून त्या संगीतात सतत एक हिसका आहे. जोर लावून ओढावं लागतं, आणि ते ओढणं चालीत ऐकू येतं. एकाच स्वरसमूहात जुळवलेलं हे वाद्य. त्यात जे स्वर नाहीत ते केजन गाण्यातही सहसा नाहीत. वाद्याने आपल्या मर्यादेतून एक संगीत घडवलं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मी दुसरं ऐकलेलं नाही.

ही वाद्यं आधी जर्मनीहून यायची, मोनार्क आणि स्टर्लिंग नावाची. दुसऱ्या महायुद्धात ती येणं बंद झालं. तेव्हा लेक चार्ल्सच्या सिडनी ब्राउनसारख्या माणसांनी जुनी वाद्यं उघडून, बघून, स्वतः बनवायला घेतली. मिरजेतही शिकलगारांनी आधी सतारी दुरुस्त केल्या आणि मग घडवल्या. दुरुस्तीतून निर्मितीकडे जाण्याची ही वाट मला घरची आहे, म्हणून सॅव्हॉय यांच्या दुकानात गेले की मी कामाच्या टेबलाजवळच रेंगाळते.

भाषेचंही सांगायला हवं. लुइझियानाच्या १९२१च्या घटनेने शाळांत फक्त इंग्रजी ठेवलं. फ्रेंच बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा व्हायची. दोन पिढ्यांत घराघरातली बोली ओसरली. आज तिथली कित्येक तरुण मुलं बोलताना अडखळतात, पण गाताना फ्रेंच शब्द सरळ येतात. ड्यूई बॅल्फा १९६४ साली न्यूपोर्टच्या महोत्सवात वाजवून परत आले आणि नंतर आयुष्यभर शाळाशाळांतून हे संगीत मुलांपुढे नेत राहिले. मेम्फिसच्या मराठी शाळेत आम्ही मुलांना आधी गाणी शिकवतो, ते मी बॅल्फांच्या मुलुखात पाहिलं म्हणून.

३. खिशात रोख पैसे ठेवा, सुटे

दारावर पाच-दहा डॉलर घेतात, बहुधा रोखच. मध्यंतरात एखादी बादली किंवा बरणी फिरते. बरेचदा वादकाच्या हाती पडतो तो पैसा एवढाच. सीडी विकायला ठेवली असेल तर घ्या. घरी सीडी लावायला यंत्र नसलं तरी घ्या.

या संगीतातून पोट भरण्याइतके पैसे बहुतेकांना कधीच मिळाले नाहीत. मिसिसिपी जॉन हर्ट यांनी १९२८ साली रेकॉर्डी केल्या आणि १९६३ साली लोक शोधत ॲव्हलॉनला पोचले, तोपर्यंत ते शेतावर मजुरी करत होते. नॉर्थ कॅरोलायनाच्या एटा बेकर यांचं गिटारवादन ऐकून मोठमोठे वादक शिकले. त्या वर्षानुवर्षं कापड गिरणीत कामाला होत्या.

पैसा कुठून यायचा हे समजून घ्यायचं असेल तर मिसिसिपी नदीपलीकडच्या हेलेनाला जा. तिथल्या केएफएफए रेडिओवर १९४१च्या नोव्हेंबरात ‘किंग बिस्किट टाइम’ सुरू झाला, दुपारी जेवणाच्या सुट्टीत. किंग बिस्किट हे पिठाचं नाव. पीठवाल्याने कार्यक्रम चालवला. सनी बॉय विल्यमसन हार्मोनिका वाजवत आणि रात्री आपण कुठे वाजवणार ते रेडिओवर सांगत. ती घोषणा त्यांच्या कमाईचा खरा आधार होती, कारण ती ऐकून रात्री त्या गावात गर्दी व्हायची. शेतात काम करणारा तरुण बी. बी. किंग हाच कार्यक्रम ऐकायचा. सनी पेन यांनी १९५१ पासून तो सादर केला, अगदी २०१८ साली जाईपर्यंत. दार उघडणारा माणूस कधी मायक्रोफोनपुढेही बसलेला असतो.

या भागातल्या वयोवृद्ध वादकांची औषधं, घरभाडं, थंडीतलं गॅसचं बिल यांसाठी नॉर्थ कॅरोलायनातली म्युझिक मेकर ही संस्था १९९४ पासून मदत करते. महोत्सवाचं तिकीट काढाल, त्याबरोबर इथेही काही द्या, असं मी प्रत्येकाला सांगते.

४. चौरस्ता बघा आणि पुढे चला

क्लार्क्सडेलला ६१ आणि ४९ क्रमांकांच्या रस्त्यांच्या छेदावर निळ्या गिटारींचा खांब आहे. रॉबर्ट जॉन्सनने मध्यरात्री सैतानाला आत्मा विकून गिटारची कला मिळवली, ती हीच जागा म्हणतात. फोटो काढा, हरकत नाही. पण त्या दंतकथेने एका माणसाचे कष्ट झाकून टाकले, याचा मला राग येतो. जॉन्सन आपल्या जन्मगावाकडे, हेझलहर्स्टच्या परिसरात गेला आणि आइक झिमरमन नावाच्या गिटारवादकाकडे राहून शिकला. दोघे रात्री स्मशानात जाऊन बसत, कारण तिथे शांतता असे आणि कुणाची झोपमोड होत नसे. गुरूच्या घरी राहून केलेला रियाझ होता तो. सैतानाची गोष्ट खपली आणि झिमरमन हे नाव क्लार्क्सडेलला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

त्याच गावात जुन्या रेल्वे मालधक्क्याच्या इमारतीत डेल्टा ब्लूज म्युझियम आहे. मडी वॉटर्सची स्टोव्हॉल मळ्यावरची झोपडी तिथे आणून ठेवली आहे. मला मात्र तिथला मुलांचा वर्ग जास्त महत्त्वाचा वाटतो. स्थानिक वादक तिथे गावच्या मुलांना शिकवतात. १९९९ साली जन्मलेला ‘किंगफिश’ इन्ग्रम तिथेच शिकला, आणि ‘६६२’ या अल्बमसाठी त्याला २०२२ साली ग्रॅमी मिळालं. ६६२ हा उत्तर मिसिसिपीचा टेलिफोन कोड.

५. फोटोत कोण नाही ते शोधा

ब्रिस्टल गावाच्या मुख्य रस्त्याच्या एका बाजूला टेनेसी आणि दुसऱ्या बाजूला व्हर्जिनिया. १९२७च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर यांनी तिथे तात्पुरता स्टुडिओ थाटला आणि कार्टर कुटुंब, जिमी रॉजर्स यांची पहिली ध्वनिमुद्रणं केली. कंट्री संगीताचं जन्मगाव म्हणून तिथे आज चांगलं संग्रहालय आहे. ए. पी. कार्टर डोंगरातल्या घराघरांतून गाणी गोळा करत हिंडायचे. त्यांच्यासोबत लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक असायचा. कार्टर शब्द लिहून घेत आणि चाल रिडल डोक्यात धरून आणत. कार्टर कुटुंबातल्या मेबेलने गिटारच्या काही युक्त्या रिडलकडून उचलल्या. पण त्या काळी रेकॉर्ड कंपन्या काळ्यांच्या रेकॉर्डी एका यादीत आणि गोऱ्यांच्या दुसऱ्या यादीत विकत. ती विभागणी दुकानाची होती, वादकांची नव्हती, आणि ती आजही ऐकणाऱ्यांच्या डोक्यात शिल्लक आहे.

लुइझियानात अमेदे आर्दुआँ हे कृष्णवर्णीय अकॉर्डियनवादक आणि डेनिस मॅगी हे गोरे फिडलवादक यांनी १९२९ पासून एकत्र रेकॉर्डी केल्या. आज केजन म्हणून जे वाजतं त्यातलं कितीतरी आर्दुआँ यांचं आहे. नाचाच्या रात्री एका गोऱ्या बाईने घाम पुसायला रुमाल दिला, तो त्यांनी घेतला म्हणून त्यांना बेदम मारलं, असं तिथली माणसं सांगतात. १९४२ साली ते पाइनव्हिलच्या मनोरुग्णालयात वारले. शनिवारच्या सकाळी त्यांच्या चाली वाजतात तेव्हा नाचणाऱ्या नव्या पाहुण्यांना मी हे सांगते. नाच थांबावा म्हणून नाही, तर चाल कुणाची आहे हे त्यांना ठाऊक असावं म्हणून.

बँजो पश्चिम आफ्रिकेतल्या वाद्यांवरून, गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर इथे आला. तरी कितीतरी वर्षं तो गोऱ्या डोंगरी माणसांचंच वाद्य समजला गेला. नॉर्थ कॅरोलायनातल्या मेबेन गावात जो थॉम्पसन हे वृद्ध फिडलवादक काळ्यांच्या जुन्या स्ट्रिंग बँडच्या चाली जपून होते. २००५ च्या सुमारास रिअॅनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन त्यांच्या घरी जाऊन बसू लागले. त्यातून कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड उभा राहिला आणि त्यांना ग्रॅमीही मिळालं. थॉम्पसन २०१२ साली गेले. म्हणजे ही साखळी एकाच माणसाच्या हातात उरली होती आणि तिघे वेळेवर पोचले.

६. नाचता येत नसेल तरी खुर्ची मागे सरकवा

व्हर्जिनियातल्या हिल्टन्सजवळ कार्टर फॅमिली फोल्ड आहे. वडिलांना, म्हणजे ए. पी. कार्टर यांना, दिलेल्या शब्दाखातर जॅनेट कार्टर यांनी १९७४ साली त्यांच्या जुन्या किराणा दुकानात शनिवारचे कार्यक्रम सुरू केले. गर्दी वाढली तशी शेजारी टेकडीच्या उतारावर मोठी शेड बांधली. दारू नाही, विजेवरची वाद्यं नाहीत. जॉनी कॅशला तेवढी सवलत होती, कारण तो घरचा जावई. त्याचा शेवटचा जाहीर कार्यक्रमही याच जागी झाला, जुलै २००३ मध्ये. जॅनेट २००६ साली गेल्या, आणि मग त्यांच्या लेकीने कारभार हाती घेतला. फिडल सुरू झालं की बुटांना लोखंडी टाचपट्ट्या ठोकलेली आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळी पुढे येतात. त्यांच्या पायांचा ठेका हे तिथलं तालवाद्यच आहे. वादक मान वर करून पायांकडे बघतात आणि लय तिकडून घेतात. पुढची जागा खुर्च्यांनी भरून टाकली तर त्यांचं तालवाद्य काढून घेतल्यासारखं होतं.

उत्तर मिसिसिपीच्या टेकड्यांतही तेच. किंब्रो, आर. एल. बर्नसाइड यांच्या संगीतात सुरावट फारशी बदलत नाही. एकच तुकडा दहा मिनिटं फिरत राहतो. बसून ऐकणाऱ्याला ते कंटाळवाणं वाटू शकतं. उभे राहा, पाय हलवा, की त्या तुकड्यात दर फेरीला काय बदलतंय ते कळायला लागतं. याच टेकड्यांत ओथा टर्नर वेताची बासरी स्वतः भोकं पाडून तयार करत आणि ढोलवाल्यांना मागे घेऊन आपल्या अंगणात वाजवत फिरत. माणसं धुळीत त्यांच्या मागून नाचत जात, एका बाजूला बकऱ्याचं मटण शिजत असे. २००३ साली ते वारले तेव्हा त्यांची नात शार्डे टॉमस बारा-तेरा वर्षांची होती. बासरी तिने हातात घेतली आणि बँड तिच्या मागे उभा राहिला.

७. मोबाइल खिशात

एक फोटो, गाणं संपल्यावर, विचारून. रेड्ससारख्या खोलीत तुमचा उजळलेला पडदा गाणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चार फुटांवर असतो.

८. निघण्याआधी फोन करा

इंटरनेटवरच्या वेळा जुन्या असतात. मालक आजारी असतो, गावात मयत असते, कधी पावसाने रस्ता बंद असतो. दुकानाच्या नंबरवर फोन करा आणि अदबीने बोला. दक्षिणेत वडीलधाऱ्यांना पहिल्या नावाआधी मिस्टर किंवा मिस लावतात, तसंच म्हणा. फोन उचलणारी व्यक्ती बहुधा जागा चालवणारीच असते, जिच्यासारख्यांबद्दल मी पहिल्या मुद्द्यात लिहिलं. आपण येतोय हे कळलं की तिलाही उत्साह येतो.

एप्रिलमध्ये क्लार्क्सडेलला ज्यूक जॉइंट फेस्टिव्हल असतो. दिवसा रस्त्यावरची गाणी फुकट, रात्रीसाठी मनगटपट्टी विकत घ्यायची. पहिल्यांदाच जात असाल तर तो चांगला, कारण एकाच दिवशी खूप ऐकायला मिळतं. पण राहायला खोली मिळणं कठीण, बरेच आधी बघा. दुसऱ्यांदा जाल तेव्हा फेब्रुवारीतला किंवा नोव्हेंबरातला एखादा साधा शुक्रवार निवडा. खोलीत बारा-पंधरा माणसं असतील आणि तुमच्या दहा डॉलरांनीही त्या रात्रीच्या हिशेबात फरक पडेल. टर्नर कुटुंबाची बासरी-ढोलांची पिकनिक उन्हाळ्याच्या शेवटी असते. त्या वर्षीची तारीख आणि जागा आधी विचारून घ्या, घडीच्या खुर्च्या गाडीत टाका, आणि पांढरे बूट घालू नका.